बांबूच्या पट्ट्यांवरचा चीन

इ.स.पू. २२३ च्या सुमाराला छिन राज्याचं सैन्य ह्वायांग शहराभोवती लढत होतं. त्या सैन्यात हेइफू आणि जिंग नावाचे दोन भाऊ होते. दोघांनी लाकडी फळ्यांवर शाईने घरी पत्रं लिहिली. ती मिळाल्यावर घरच्यांनी जपली आणि शेवटी कुटुंबातल्याच कोणाच्या तरी, बहुधा तिसऱ्या भावाच्या, थडग्यात ठेवली. हुबेई प्रांतातल्या युनमंग इथे, शुइहूदी नावाच्या जागी, ती सापडली. चीनमध्ये आजवर मिळालेली ही सर्वांत जुनी घरगुती पत्रं मानली जातात.

पत्रांतला मजकूर अगदी घरचा आहे. हेइफू आईला सांगतो की गावाकडे कापड स्वस्त असेल तर उन्हाळ्याचे कपडे शिवून पैशांबरोबर पाठव, महाग असेल तर नुसते पैसे पाठव, मी इथेच कापड घेऊन शिवून घेतो. जिंगची अवस्था जास्त बिकट आहे. त्याने कोणाकडून तरी उसने पैसे घेतलेत आणि ते संपलेत. पाच-सहाशे नाणी आणि चांगलं कापड लवकर आलं नाही तर आपली धडगत नाही, असं तो कळवतो. नव्या नवरीची चौकशी करतो, तिने घरातल्या वडीलधाऱ्यांकडे नीट बघावं म्हणून बजावतो. हेइफू मात्र आणखी एक गोष्ट आवर्जून विचारतो. घराला मिळायच्या पदवीचा हुकूम आला की नाही, ते उत्तरात नक्की लिहा.

लढाईच्या धामधुमीत, उद्या जखमी होऊ की नाही याची खात्री नसताना, एका साध्या शिपायाला पदवीच्या हुकमाची काळजी का पडावी? या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलं की प्राचीन चिनी साम्राज्याचा सगळा सांगाडा समोर उभा राहतो. छिन (इ.स.पू. २२१ ते २०६) आणि त्यानंतरची चार शतकं टिकलेली हान राजवट, या काळात माणूस कोण आहे हे फार मोठ्या प्रमाणात सरकारी दफ्तरात ठरत होतं. किती जमीन, किती कर, गुन्हा केला तर किती शिक्षा, काय नेसायचं, कशात बसायचं, या सगळ्याची उत्तरं नोंदीत होती. आपण चीनचा इतिहास वाचतो तो सम्राट, भिंत आणि कन्फ्युशियस यांच्या अंगाने. मला वाटतं, त्या समाजाची खरी ओळख तालुक्याच्या कारकुनाच्या पट्ट्यांवरून होते.

त्या वेळी कागद लेखनासाठी रुळलेला नव्हता. बांबूच्या किंवा लाकडाच्या अरुंद पट्ट्यांवर उभ्या ओळीत लिहायचं, पट्ट्या दोरीने ओवायच्या आणि गुंडाळी करून ठेवायची, अशी पद्धत होती. गेल्या पन्नास-साठ वर्षांत थडग्यांतून, पडक्या विहिरींतून आणि वाळवंटातल्या चौक्यांतून अशा हजारो पट्ट्या बाहेर आल्या, आणि दरबारी इतिहासकारांनी ज्यांची दखल घेतली नाही अशी माणसं बोलू लागली.

आता पदवीकडे वळू. इ.स.पू. चौथ्या शतकात छिन राज्याचा मंत्री शांग यांग याने घराण्याच्या मोठेपणाला बाजूला सारून लढाईतल्या कामगिरीवर मिळणाऱ्या पदव्यांची उतरंड उभारली. पुढे या उतरंडीला वीस पायऱ्या झाल्या. शत्रूचं शिर आणलं की पदवी, पदवीबरोबर जमीन आणि घरासाठी जागा. १९८३-८४ मध्ये हुबेईतल्याच झांगज्याशान इथल्या थडग्यात इ.स.पू. १८६ चे हान कायदे मिळाले. त्यांत हे प्रमाण नेमकं दिलं आहे. बिनपदवीच्या साध्या माणसाला एक छिंग, म्हणजे सुमारे ११ एकर जमीन. पहिल्या पायरीला दीड छिंग. आणि सरदारकीच्या खालोखाल असलेल्या एकोणिसाव्या पायरीला ९५ छिंग. प्रत्यक्षात इतकी जमीन प्रत्येकाला मिळत असेल असं मुळीच नाही. पण कायद्याच्या नजरेत माणसामाणसांत किती अंतर होतं ते या आकड्यांतून कळतं. पदवी असली की शिक्षा सौम्य व्हायची, वेठीच्या कामातून लवकर सुटका व्हायची. म्हणून हेइफूला पदवीचा हुकूम घरी पोहोचणं पैशांइतकंच महत्त्वाचं होतं.

हान सम्राटांनी ही पदवी आणखी पसरवली. नवा सम्राट गादीवर बसला, युवराज ठरला, अशा शुभप्रसंगी राज्यातल्या सगळ्या पुरुषांना एक एक पायरी वाढवून मिळे. त्याबरोबर गावोगावच्या घरांना गोमांस आणि मद्य दिलं जाई. साध्या माणसाला आठव्या पायरीच्या वर जाता येत नसे. तरीही सम्राटाचं नाव फक्त कर भरताना नव्हे तर जेवणाच्या पंगतीतही निघावं, ही सोय त्यात होती, आणि माझ्या मते हान राजवट इतकी टिकली त्यामागे या पंगतींचा वाटा थोडाथोडका नाही.

हेइफूच्या पत्रांच्याच जागी, १९७५ च्या डिसेंबरात, शी नावाच्या एका कारकुनाचं थडगं उघडलं गेलं. शीचा जन्म इ.स.पू. २६२ चा, मृत्यू २१७ चा. त्याच्या देहाभोवती ११५० हून अधिक बांबूच्या पट्ट्या रचलेल्या होत्या. त्यांत कायदे होते, न्यायदानाच्या सूचना होत्या, शुभाशुभ दिवसांचे ठोकताळे होते, आणि एक वर्षवार टिपण होतं. या टिपणात राज्याच्या लढाया आणि शीच्या घरातल्या घटना एकाच रांगेत लिहिलेल्या आहेत. अमुक साली अमुक शहर जिंकलं, अमुक साली मुलगा झाला. साम्राज्य घडत होतं तेव्हा एका लहान अधिकाऱ्याने आपलं आयुष्य त्याच्या शेजारी नोंदवून ठेवलं.

शीच्या पट्ट्यांवरचे कायदे वाचताना छिन राजवटीबद्दलची आपली समजूत हलते. छिन म्हणजे क्रौर्य, असं दोन हजार वर्षं सांगितलं गेलं. शिक्षा कठोर होत्याच. नाक कापणं, पाय तोडणं, चेहऱ्यावर गोंदणं हे सगळं कायद्यात होतं. पण त्याच कायद्यांत सरकारी बैलांची वर्षातून चार वेळा तपासणी करावी असंही होतं. ज्याचा बैल उत्तम त्या पर्यवेक्षकाला मद्य आणि वाळवलेल्या मांसाचे दहा तुकडे बक्षीस, आणि नांगराला जुंपलेला बैल रोडावला तर त्याच्या घेरात जितकं माप कमी भरेल त्या हिशेबाने जबाबदार माणसाला फटके. वसंतात रानातली लाकूडतोड बंद. मात्र कोणाच्या घरी मृत्यू झाला असेल तर शवपेटीसाठी लाकूड तोडायला परवानगी. दंड भरायला पैसे नसतील तर सरकारी काम करून फेडता येई. दिवसाला आठ नाणी वजा होत, आणि सरकारी जेवण घेतलं तर सहा.

यातलं एक कलम तर इतिहासातल्या एका प्रसिद्ध प्रसंगालाच प्रश्न विचारतं. इ.स.पू. २०९ मध्ये नऊशे माणसं सरहद्दीच्या कामगिरीवर निघाली होती. पावसाने रस्ते बंद झाले, वेळेवर पोहोचणं अशक्य झालं. उशीर झाला तर देहदंड आहे, मरायचंच तर बंड करून मरू, असं म्हणून छन शेंग नावाच्या शेतमजुराने उठाव केला आणि त्यातून छिन साम्राज्य कोसळलं. इतिहासकार सिमा छ्येनने ही हकीकत सांगितली आहे. शीच्या कायद्यांत मात्र वेठीच्या कामाला तीन ते पाच दिवस उशीर झाला तर फक्त ताकीद, सहा ते दहा दिवसांना एका ढालीच्या किमतीचा दंड, दहाच्या वर एका चिलखताच्या किमतीचा. पाऊस-पुराने अडचण आली तर काम रद्द. हे कलम वेठीचं आहे, लष्करी नेमणुकीचे नियम वेगळे असू शकतात, त्यामुळे सिमा छ्येनला खोटं ठरवता येत नाही. पण हान काळात बसून मागच्या राजवटीबद्दल लिहिणाऱ्याने ती अधिक काळी रंगवली असेल, ही शंका आता पुराव्यानिशी घेता येते.

वर्गाची पुस्तकी व्यवस्था वेगळी होती. विचारवंतांनी समाजाचे चार थर सांगितले: सगळ्यांत वर विद्वान अधिकारी, मग शेतकरी, मग कारागीर, आणि सर्वांत खाली व्यापारी. धान्य पिकवणारा राज्याला पोसतो, व्यापारी काहीच निर्माण न करता श्रीमंत होतो, असा त्यामागचा विचार होता. हान राजवटीचा संस्थापक ल्यू बांग हा शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला आणि गावपातळीवरची लहानशी सरकारी नोकरी केलेला माणूस होता. त्याने व्यापाऱ्यांना रेशीम नेसायला आणि रथात बसायला बंदी केली, त्यांच्यावर जास्त कर लादला. बाजारात बसणाऱ्यांची नोंदवहीच वेगळी होती आणि त्या वहीत नाव असणं कमीपणाचं होतं.

पण शेतकऱ्याला मान देणारी ही व्यवस्था त्याला जगू देत होती का? छाओ त्स्वो नावाच्या मंत्र्याने इ.स.पू. दुसऱ्या शतकात सम्राटाला एक अर्ज लिहिला, त्यात पाच माणसांच्या शेतकरी कुटुंबाचा हिशेब मांडला आहे. पाचांपैकी दोघं तरी सरकारी वेठीला लागलेली. शंभर मूपेक्षा, म्हणजे एका छिंगापेक्षा, जास्त शेत कसणं त्यांना जमत नाही, आणि त्यातून शंभर शी, म्हणजे सुमारे दोन हजार लिटर धान्यापेक्षा जास्त येत नाही. वसंतात नांगरायचं, उन्हाळ्यात खुरपायचं, शरदात कापायचं, हिवाळ्यात साठवायचं, लाकडं तोडायची, सरकारी इमारती दुरुस्त करायच्या. त्यात पूर, दुष्काळ आणि अवेळी आलेला करवसूल. ज्यांच्याकडे काही आहे ते अर्ध्या किमतीत विकतात, ज्यांच्याकडे नाही ते दुपटीने फेडायच्या बोलीवर कर्ज काढतात, आणि शेवटी शेत, घर, मुलंसुद्धा विकायची वेळ येते. व्यापारी मात्र नक्षीचं रेशीम नेसतो आणि मांस खातो. छाओ त्स्वोचा निष्कर्ष असा की कायद्याने व्यापाऱ्याला हलकं ठरवलं, तरी तो श्रीमंत आणि मानाचा झालाय. कायद्याने शेतकऱ्याला मोठं म्हटलं, तरी तो गरीब आणि हलका झालाय.

याचं कारण करांच्या रचनेत होतं, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. शेतसारा हलका होता. इ.स.पू. १५६ नंतर तर उत्पन्नाचा तिसावा भाग. पण त्याशिवाय माणशी डोईपट्टी होती. १५ ते ५६ वयाच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला वर्षाला १२० नाणी, लहान मुलांना त्याहून कमी, व्यापाऱ्यांना आणि गुलामांमागे दुप्पट. ही पट्टी धान्यात नव्हे, नाण्यांत भरायची. म्हणजे सुगी झाली की सगळ्या शेतकऱ्यांनी एकाच वेळी धान्य विकायला काढायचं, भाव पडायचे, आणि विकत घेणारा तोच व्यापारी. जमीन जास्त असलेल्याला तिसावा भाग फार जड नव्हता. माणसं जास्त आणि जमीन कमी असलेल्या घराला डोईपट्टी जड होती. हलक्या शेतसाऱ्याचा फायदा मोठ्या जमीनदाराला झाला आणि हळूहळू शेतकरी त्याचे कूळ बनले. इ.स.पू. १८९ मध्ये तर असा हुकूम निघाला की १५ ते ३० वयाच्या अविवाहित मुलीसाठी पाचपट पट्टी भरावी लागेल. राज्याला माणसं वाढवायची होती, आणि त्याची किंमत मुलीच्या बापाच्या माथी मारली गेली.

हान सम्राट वू याला श्योंगनू या भटक्या लोकांशी लढायला पैसा हवा होता. त्याने इ.स.पू. ११९ पासून मीठ आणि लोखंड सरकारी मक्तेदारीत घेतलं, आणि ते चालवायला मिठाचे आणि लोखंडाचे बडे व्यापारीच नेमले. अर्थकारणाची सूत्रं पुढे लोयांगच्या व्यापाऱ्याचा मुलगा सांग होंगयांग याच्या हाती आली. ज्या वर्गाला रेशीम नेसायला बंदी होती त्याच वर्गातला माणूस साम्राज्याची तिजोरी सांभाळू लागला. इ.स.पू. ८१ मध्ये या मक्तेदारीवर दरबारात मोठा वाद झाला. प्रांतांतून आलेल्या विद्वानांनी सरकारी लोखंडी अवजारांच्या तक्रारी मांडल्या: अवजारं बोथट असतात, निवड करता येत नाही, लांबून जावं तर विकणारा अधिकारी जागेवर नसतो आणि नांगरणीचा दिवस वाया जातो. त्या वादाच्या नोंदीत शेतकऱ्याच्या एका दिवसाची किंमत कळते, म्हणून ती मला कोणत्याही तत्त्वचर्चेपेक्षा मोलाची वाटते.

श्रीमंती कशी असे ते पाहायचं तर हुनान प्रांतातल्या छांगशा शहराजवळ मावांगद्वे इथे जावं लागतं. १९७२ मध्ये तिथे शिन झुई नावाच्या सरदारपत्नीचं थडगं उघडलं. ती इ.स.पू. १६३ च्या सुमाराला, वयाच्या पन्नाशीत वारली. एकात एक अशा चार शवपेट्यांत, कोळसा आणि पांढऱ्या चिकणमातीच्या जाड थराखाली तिचा देह इतका टिकला होता की डॉक्टरांना शवविच्छेदन करता आलं. तिच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या होत्या, पित्ताशयात खडे होते, आणि अन्नमार्गात खरबुजाच्या १३८ बिया होत्या. तिचा नवरा ली छांग हा फार मोठा सरदार नव्हता; त्याच्या जहागिरीत फक्त ७०० घरं होती. तरी थडग्यात ४९ ग्रॅम वजनाचा एक पारदर्शक रेशमी झगा होता, धान्य, फळं आणि शिजवलेल्या मांसाच्या पेट्या होत्या, वादक आणि चाकरांच्या लाकडी बाहुल्या होत्या, आणि लाल-काळ्या लॅकरची दीडशेहून जास्त भांडी होती. ७०० घरांच्या सरदाराचा हा थाटमाट, तर वरच्यांचा कसा असेल?

लॅकर म्हणजे एका झाडाच्या चिकापासून केलेलं रोगण. ते पातळ थरात लावायचं, वाळवायचं, घासायचं, पुन्हा लावायचं. इ.स.पू. ८१ च्या त्याच वादात असा आक्षेप आहे की एका नक्षीदार पेल्यासाठी शंभर माणसांचे हात लागतात आणि त्याची किंमत काशाच्या दहा पेल्यांइतकी होते. सिच्वानमधल्या सरकारी कारखान्यांत तयार झालेल्या पेल्यांवर बारीक अक्षरांत लेख कोरलेले असत: लाकडी साचा कोणी केला, पहिला थर कोणी दिला, नक्षी कोणी काढली, घासून कोणी पुसलं, तपासलं कोणी, आणि वरचे अधिकारी कोण. माल खराब निघाला तर कोणाला धरायचं हे ठरवण्यासाठी ही नावं कोरली जात. पण आज त्यामुळेच त्या कारागिरांची नावं उरली आहेत. असे पेले कोरियातल्या हान वसाहतीत सापडले, मंगोलियातल्या नोइन-उला इथे श्योंगनू सरदारांच्या थडग्यांत सापडले.

सामान्य घरात यातलं काहीच नव्हतं. उत्तरेत राळ्याचा भात किंवा कांजी, दक्षिणेत तांदूळ, जोडीला सोयाबीन, भाज्यांचं पातळ कालवण. मांस सणासुदीला. कापड तागाचं. खुर्ची तेव्हा चीनमध्ये कोणाकडेच नव्हती. राजा असो की कूळ, सगळे चटईवर गुडघे मोडून बसत आणि जोडे दाराशी काढत. पुरुषाने नांगरावं, स्त्रीने विणावं, ही कामाची वाटणी सरकारला मान्य होती. पण कायद्याच्या पट्ट्या सांगतात की मुलगे नसलेल्या घरात विधवा आणि मुलगीसुद्धा कुटुंबप्रमुख म्हणून नोंदली जाऊ शकत होती. स्त्रियांनी नम्र आणि मागे राहावं असा उपदेश पुढे बान झाओ या विदुषीने इ.स.च्या पहिल्या-दुसऱ्या शतकात लिहिला. बान झाओ स्वतः मात्र आपल्या भावाने अर्धवट सोडलेला हान राजवटीचा इतिहास पुरा करत होती आणि सम्राज्ञीला शिकवत होती.

उतरंडीच्या तळाशी गुलाम आणि कैदी होते. इ.स.पू. ५९ मध्ये वांग बाओ या लेखकाने १५,००० नाण्यांना घेतलेल्या ब्येनल्याओ नावाच्या गुलामाचा विनोदी करारनामा लिहिला. मला ठरलेल्या कामापलीकडे काही सांगू नका, असं हा गुलाम ठणकावतो. म्हणून मालक करारात पहाटेच्या झाडलोटीपासून चटया विणण्यापर्यंत आणि वूयांगच्या बाजारातून चहा आणण्यापर्यंतची सगळी कामं घालतो, आणि शेवटी गुलाम रडू लागतो. लिहिणाऱ्याने हे हसण्यासाठी लिहिलं. आज वाचताना त्या यादीचं ओझं जाणवतं. लोयांगजवळ १९६४ मध्ये उत्खनन केलेल्या कैदी-मजुरांच्या दफनभूमीत पाचशेहून अधिक कबरी आहेत, आणि विटांच्या तुकड्यांवर कैद्याचं नाव, गाव, शिक्षा आणि मृत्यूची तारीख कोरलेली आहे. मेल्यावरही हिशेब पुरा केला गेला.

तरी खालून वर येणं अशक्य नव्हतं. वेई छिंग हा मोलकरणीचा मुलगा. बापाच्या घरी त्याला मेंढ्या राखायला लावलं, सावत्र भाऊ त्याला नोकरासारखं वागवत. पुढे तो पिंगयांग राजकन्येच्या घरी घोडेस्वार चाकर झाला. त्याची बहीण वेई त्सीफू त्याच घरात गायिका होती. ती सम्राट वूची राणी झाली, आणि वेई छिंग श्योंगनूंना हरवणारा सेनापती. शेवटी ज्या राजकन्येचा तो चाकर होता तिच्याशीच त्याचं लग्न झालं. गोंगसुन होंग तरुणपणी डुकरं राखायचा. अभ्यासाच्या बळावर तो इ.स.पू. १२४ मध्ये महामंत्री झाला, आणि त्याच वर्षी त्याच्या सूचनेवरून सरकारी विद्यालयात ५० विद्यार्थी घेतले गेले. इ.स.च्या दुसऱ्या शतकापर्यंत ही संख्या ३०,००० झाली. अभ्यास करून अधिकारी व्हायचं ही चिनी समाजाची पुढची दोन हजार वर्षांची आस इथून सुरू होते.

दर्जा फक्त पैसा आणि पदावर ठरत नव्हता. वयालाही पद होतं. सत्तरी गाठलेल्यांना सम्राटाकडून काठी मिळे, तिच्या टोकाला लाकडी होला बसवलेला असे. गान्सू प्रांतात वूवेई इथे १९५९ आणि १९८१ मध्ये मिळालेल्या पट्ट्यांवर या काठीचे हक्क लिहिलेले आहेत. काठीधारकाचा मान मध्यम दर्जाच्या अधिकाऱ्याइतका, बाजारात काही विकलं तर कर नाही. अशा म्हाताऱ्याला मारहाण करून रस्तादुरुस्तीला लावणाऱ्या एका गावअधिकाऱ्याला भर बाजारात देहदंड दिल्याची नोंद आहे.

राहता राहिला आपण कोण, हा प्रश्न. साम्राज्य एक झालं तेव्हा त्यातली माणसं स्वतःला छिन, छू, छी अशा जुन्या राज्यांची समजत होती. हुनानमधल्या लीये इथे २००२ मध्ये एका जुन्या विहिरीतून छिन काळातल्या छत्तीस हजारांहून जास्त पट्ट्या निघाल्या. जवळच्या खंदकात घरांची नोंदणी सापडली. त्यात कुटुंबप्रमुखाच्या नावाआधी तो जिंकलेल्या छू राज्याचा आहे हे लिहिलं आहे, आणि लगेच पुढे त्याची छिन पदवी. जुनी ओळख पुसलेली नाही. तिच्या शेजारी नवी चिकटवली आहे. पट्ट्यांवरचे पाढे मात्र सगळीकडे सारखे, वजनमापं सारखी, लिपी सारखी. दोन-चार पिढ्यांत नवी ओळख जुनीवर चढली, त्यात या सारखेपणाचा हात मोठा आहे.

सीमेवर हीच ओळख अंगावर दिसायची. केसांचा बुचडा बांधायचा, झग्याची डावी बाजू उजवीकडे वळवून नेसायची, चटईवर गुडघे मोडून बसायचं. जो असं करत नाही तो परका. इ.स.पू. १९६ मध्ये हान दूत लू ज्या आजच्या क्वांगचौकडे, नान्युए राज्यात गेला. तिथला राजा झाओ त्वो मूळचा उत्तरेकडचा, पण त्याने स्थानिक पद्धतीने केस बांधले होते आणि पाय पसरून बसून दूताचं स्वागत केलं. तुझ्या आई-वडिलांच्या समाध्या उत्तरेत आहेत, याची लू ज्याने आठवण दिली तेव्हा तो सावरून बसला आणि परक्यांत राहून रीत विसरलो म्हणाला. पायांची ठेवण हा तेव्हा राजनैतिक प्रश्न होता.

उलट दिशेचा प्रवास अधिक बोलका आहे. सम्राट वेन याच्या काळात झोंगहांग युए नावाच्या दरबारी खोजाला मनाविरुद्ध श्योंगनूंकडे पाठवलं गेलं. तो त्यांच्याच बाजूला गेला. हान रेशीम नेसू नका, काटेरी झुडपांतून घोडा दौडवला की ते फाटतं, तुमचं चामडं आणि नमदाच चांगला. हान पक्वान्नं टाकून द्या, दूध-दही तुमचं आहे, असं तो त्यांना शिकवत राहिला. हान संस्कृतीची एवढी खोड काढणाऱ्या या माणसाने श्योंगनूंना आणखी एक गोष्ट शिकवली: माणसांची आणि गुरांची लेखी मोजदाद ठेवणं. रेशीम त्याने सोडलं, वही सोडली नाही.

ही वही वाळवंटातही चालू होती. तुनह्वांगजवळच्या श्वेनछ्वेन या टपालचौकीत १९९० ते १९९२ मध्ये झालेल्या उत्खननात तेवीस हजारांच्या आसपास लेखी पट्ट्या मिळाल्या. इ.स.पू. ६२ मधल्या एका नोंदीत वर्षभरात कोंबड्या किती आल्या आणि कोणत्या पाहुण्यासाठी किती कापल्या याचा हिशेब आहे. ५१ मधल्या एका पट्टीवर वूसुन टोळीत दिलेल्या आणि म्हातारपणी परतणाऱ्या हान राजकन्येच्या प्रवासाच्या व्यवस्थेचे आदेश आहेत. ३९ मध्ये मध्य आशियातल्या खांगज्यू राज्याच्या दूतांनी तक्रार केली की आम्ही आणलेले पांढरे धष्टपुष्ट उंट इथल्या अधिकाऱ्यांनी पिवळे आणि रोडके म्हणून कमी किमतीत लावले, आणि आम्हाला जेवणही दिलं नाही. राजधानीतून चौकशीचा हुकूम सुटला. परक्या दूतांची उंटांबद्दलची तक्रार हजार मैलांवरच्या दरबारात पोहोचत होती, याची मला अजूनही फार अपूर्वाई वाटते.

याच वाटेवर आपलाही उल्लेख येतो. सम्राट वूचा दूत झांग छ्येन इ.स.पू. १२८ च्या सुमाराला बॅक्ट्रियात, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानात पोहोचला. तिथल्या बाजारात त्याला सिच्वानच्या बांबूच्या काठ्या आणि सिच्वानचं कापड दिसलं. हे कुठून आणलं म्हणून विचारलं, तर व्यापारी म्हणाले, शेनदू देशातून. शेनदू म्हणजे सिंधूपलीकडचा भारत. सरकारी दफ्तराला ठाऊक नसलेल्या वाटेने माल आधीच भारतात पोहोचला होता. सम्राटाने ती नैर्ऋत्येची वाट शोधायला माणसं पाठवली, पण तिथल्या टोळ्यांनी त्यांना पुढे जाऊ दिलं नाही.

इ.स. २ मध्ये हान साम्राज्याने आपल्या माणसांची मोजणी केली. आकडा आहे ५ कोटी ९५ लाख ९४ हजार ९७८. त्या राजवटीचं नाव पुढच्या शतकांत तिच्या प्रजेचं नाव बनलं, आणि चीनच्या २०२० च्या जनगणनेत ९१ टक्क्यांहून अधिक लोकांची नोंद ‘हान’ अशी झाली आहे.